हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हे मोठे गाव लागते. सभोवती धानाच्या बांध्या, गावात बाजारपेठ, शाळा, बँक, पोलीस ठाणे आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसांचा सततचा राबता. तालुक्याचे ठिकाण पवनी, जिल्ह्याचे भंडारा आणि नोकरी शोधण्याचे नागपूर, असा या परिसरातील तरुणांचा ठरून गेलेला भूगोल आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पूर्व विदर्भातील कोणत्याही गावात दिसतात. त्यांतील मोजक्यांची निवड होते. उरलेल्यांना मग घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, ‘काही तरी धंदा टाक.’ या ‘टाक’ शब्दात बरेच काही आले. नोकरी लागते, शेती करतात आणि धंदा मात्र टाकतात. इतर सर्व वाटा बंद झाल्यावर करण्याची ती गोष्ट, अशी आपल्या मध्यमवर्गाची जुनी समजूत आहे.

या समजुतीविरुद्ध गेली कित्येक वर्षे भाषणे होत आली आहेत. मराठी तरुणाने उद्योजक व्हावे, नोकरी मागणारा न होता देणारा व्हावे, हा उपदेश आता पाठ झाला आहे. योजनांचीही वाण नाही. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे उभी राहिली, १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली, २००८ मध्ये तिचे ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रमाशी एकत्रीकरण होऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला, २०१५ च्या एप्रिलमध्ये मुद्रा योजना आली आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनेक कुटुंबे या योजनांतून उभीही राहिली आहेत. तथापि उद्योग सुरू होणे आणि उद्योग टिकणे यांत जे अंतर आहे, त्याचा विचार अड्याळसारख्या गावात उभे राहूनच करावा लागतो. मुंबई-पुण्याच्या चष्म्यातून ते अंतर दिसत नाही.

समजा, अड्याळ परिसरातील एखाद्या तरुणाने ग्रील, दरवाजे आणि पत्र्याची शेड बनवण्याचे वेल्डिंगचे दुकान काढायचे ठरवले. आयटीआय झालेला आहे, हातात कसब आहे, नागपूरला दोन वर्षे कारखान्यात काम केलेले आहे. प्रकल्प पाच लाखांचा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांनुसार ग्रामीण भागातील सर्वसाधारण प्रवर्गाच्या अर्जदाराला २५ टक्के म्हणजे सव्वा लाख रुपयांचे अनुदान आणि स्वतःचा वाटा १० टक्के म्हणजे पन्नास हजार. विशेष प्रवर्गांना व महिलांना अनुदान ३५ टक्के, स्वतःचा वाटा पाच टक्के. कागदावर हे सारे आकर्षक दिसते. पण घरात बहुतेकांचा एक गैरसमज असतो, की सव्वा लाख रुपये शासनाने हातात दिले. प्रत्यक्षात ही रक्कम बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीच्या स्वरूपात अडकून राहते आणि उद्योग नीट चालू असल्याची पडताळणी झाल्यावरच कर्जात वळती होते. नियम योग्यच आहे, नाही तर केवळ अनुदानासाठी दुकानाची पाटी लावणारे कमी नाहीत. परंतु त्याचा अर्थ असा, की पहिली तीन वर्षे, म्हणजे उद्योगाची सर्वांत नाजूक वर्षे, या पैशाचा अडीनडीला काहीही उपयोग नसतो.

अनुदानाचा वाटा बाजूला ठेवला, तरी उरलेल्या सव्वातीन लाखांवर ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरल्यास हप्ता महिन्याला सात हजारांच्या घरात जातो. सात हजार ही काही प्रचंड रक्कम नव्हे. कसबी वेल्डर ती डिसेंबरात सहज फेडू शकतो. जानेवारीतही आणि मे महिन्यातही. प्रश्न ऑगस्टचा आहे.

अड्याळचे अर्थकारण धानाभोवती फिरते. जूनमध्ये परे टाकायचे, पाऊस बरा झाला की रोवणी, मग निंदण, खत, फवारणी. या काळात शेतकऱ्याच्या घरातून पैसा केवळ बाहेर जातो. दिवाळीच्या आसपास कापणी, त्यानंतर मळणी, मग आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेणे, काटा होणे आणि त्यानंतर चुकाऱ्यांची वाट पाहणे. चुकारे रखडल्याची ओरड भंडारा-गोंदियात नवी नाही. उन्हाळी धान घेणाऱ्यांच्या हाती दुसऱ्यांदा पैसा येतो, पण पाण्याची सोय सर्वांना नसते. म्हणजे गावात रोख रक्कम खेळते ती साधारणतः डिसेंबर ते मे. घर बांधायचे, गोठ्याला पत्रे टाकायचे, फाटक बसवायचे, मुलीचे लग्न करायचे, तर ते याच दिवसांत. जून ते नोव्हेंबर हे सहा महिने वेल्डिंगचे यंत्र बहुतेक झाकून ठेवलेले असते.

या सहा महिन्यांचे हप्ते ४२ हजार होतात. त्यावर दुकानभाडे, विजेचा स्थिर आकार आणि सोबतच्या पोराची मजुरी. ती न दिल्यास तो नागपूरला निघून जाईल व परत येणार नाही. शिवाय उन्हाळ्यात केलेल्या कामाची निम्मी रक्कम उधारीत असते. ‘धान निघाल्यावर देतो’ हे वाक्य गावात फसवणूक मानले जात नाही, आणि ते मानूही नये. देणारा खरोखरच धान निघाल्यावर देतो. मात्र बँकेचा हप्ता धान निघण्याची वाट पाहत नाही.

येथे एक नियम मुळातून समजून घेण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार सर्वसाधारण मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, की ते खाते अनुत्पादक ठरते. हा निकष ३१ मार्च २००४ पासून लागू आहे. परंतु शेतीच्या कर्जाला वेगळे माप आहे. धानासारख्या अल्प मुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन पीक हंगाम थकीत राहिले, तरच ते अनुत्पादक मानले जाते. हा फरक करणाऱ्यांनी शेतकऱ्याचा पैसा हंगामाला येतो, हे ओळखले होते. ही समज स्वागतार्हच आहे. पण त्या शेतकऱ्याचा दरवाजा बनवणारा, त्याच्या पंपाची मोटार गुंडाळून देणारा, त्याला किराणा देणारा, त्याच्या घरच्या लग्नाला मंडप घालणारा, यांचा पैसाही त्याच हंगामाला, किंबहुना त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. एकाच गावात, एकाच बँकेच्या एकाच शाखेत, शेतकऱ्याला दोन हंगाम आणि त्याच्यावर विसंबून असलेल्या कारागिराला ९० दिवस! जुलैच्या पहिल्या आठवड्यात चुकलेला हप्ता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ही मर्यादा ओलांडतो. ज्या धानातून तो फिटायचा, तो धान तेव्हा बांधीत उभा असतो.

एकदा खाते असे काळवंडले, की त्याची नोंद पतमापन संस्थेकडे जाते आणि पुढील कर्जाचे दार बंद होते. मग तो तरुण सावकाराकडे किंवा पंधरवड्याला वसुली करणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपनीकडे वळतो. महिन्याचा हप्ता झेपत नाही म्हणून पंधरवड्याचा हप्ता घ्यायचा, हे तर्काला सोडून आहे. पण बुडणारा माणूस तर्क करत नाही. तिसऱ्या वर्षी दुकानाला कुलूप लागते. गाव म्हणते, ‘मुलाला धंदा जमला नाही.’ वस्तुतः धंदा त्याला जमलेला असतो. फसलेले असते ते परतफेडीचे वेळापत्रक.

या भूमीत जे व्यवसाय आपोआप उगवले आणि टिकले, त्यांच्याकडे पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीचेच उदाहरण घ्यावे. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा मोसम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाट्यसंस्थांचे मोठे केंद्र. तेथे कंपन्यांची कार्यालये लागतात, गावातील मंडळे येऊन प्रयोग ठरवतात, तिकिटे विकली जातात. कलावंत, वादक, नेपथ्यवाले, मंडपवाले, चहा-भजीवाले अशा असंख्य हातांना काम मिळते. शासनाच्या अनुदानावाचून वाढलेला हा अस्सल उद्योग आहे. त्याचे दिवस कोणते? धान निघाल्यानंतरचे. पावसाळ्यात यांतील अनेक कलावंत स्वतःच रोवणीला बांधीत उतरलेले असतात. नाटक कंपनीच्या मालकाला धानाचे पंचांग कोणी शिकवावे लागले नाही. तेंदूपत्त्याचेही तसेच. तोडणी होते ती ऐन उन्हाळ्यात, आणि पेरणीपूर्वी मजुराच्या हाती चार पैसे पडतात.

पूर्वीची बलुतेदारी हाही हंगामाचाच हिशेब होता. सुतार-लोहाराने वर्षभर औतफाटा दुरुस्त करायचा आणि खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळायचा. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने माणसाला जन्माने धंद्याला जखडले, कित्येकांच्या वाट्याला अपमान आणि उष्टे-पाष्टे दिले. ती गेली हे बरेच झाले. पण तिच्यातील एक व्यावहारिक शहाणपण तिच्यासोबतच गेले. काम आणि मोबदला यांतील सहा-आठ महिन्यांचे अंतर त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. आजच्या उधारीत ते अंतर तसेच राहिले आहे. फक्त तेव्हा कारागिराच्या डोक्यावर बँकेचा हप्ता नव्हता.

भंडारा जिल्ह्याला कसबाचा दुष्काळ कधीच नव्हता. येथील पितळी भांडी एके काळी दूरवर जात. भंडाऱ्याची ओळखच पितळेचे शहर अशी होती. मोहाडी, आंधळगाव, पवनी येथील विणकर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे वस्त्र विणत आले. करवतकाठी साडीचा तो करवतीच्या दातांसारखा काठ हातमागावर तीन धोट्यांनी विणला जातो. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण विणकराची स्थिती काय? माग त्याचा, कसब त्याचे, घरातील बायकामुलांची मेहनत त्याची. सूत मात्र बहुतेक वेळा व्यापाऱ्याचे. साडी विकली जाईपर्यंत थांबण्याची ऐपत नसल्यामुळे तो स्वतःच्या घरात बसून दुसऱ्याचा मजूर होतो. मानांकनाने साडीची किंमत वाढेल. ती वाढलेली किंमत मिळते मात्र थांबू शकणाऱ्यालाच.

भात गिरण्यांच्या व्यवसायातही हाच धडा आहे, फक्त आकडे मोठे. शासकीय धानाची भरडाई करणाऱ्या गिरणीमालकाला एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो. उतारा तेवढा बसत नाही, कनकी अधिक निघते, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. भरडाईची देयके मिळण्यास लागणारा वेळ ही दुसरी. तिच्या खरेखोटेपणात येथे शिरायला नको. पण बड्या गिरणीमालकाकडे रोख पतमर्यादेची सोय असते. गोदामातील माल तारण ठेवून लागेल तेव्हा उचल करायची, पैसा आला की भरायचा, मधल्या काळात केवळ व्याज द्यायचे. त्याला दरमहा मुद्दल फेडण्याचा फास नसतो. मुद्रा योजनेतही अशा पतमर्यादेची आणि मुद्रा कार्डाची तरतूद आहे. छोट्या माणसाच्या पदरात मात्र बहुधा सरसकट मुदत कर्जच टाकले जाते, कारण शाखेला ते सोपे असते. म्हणजे ज्याच्यापाशी थांबण्याची शक्ती आहे त्याला लवचीक कर्ज, आणि ज्याच्यापाशी नाही त्याला ताठर!

महाराष्ट्राच्या उद्योगपर्वाचे आद्य पुरुष म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या चरित्रातून जिद्द सांगितली जाते, चिकाटी सांगितली जाते. एक गोष्ट मात्र पुरेशी सांगितली जात नाही. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! आजच्या नियमात त्यांचे खाते पहिल्याच वर्षी अनुत्पादक ठरले असते. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या राज्यातील कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला, भांडवलाला मदत केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्याला उत्पादन कळते असा एक माणूस, आणि थांबायला तयार असलेला दुसरा, अशा दोघांच्या भेटीतून तो कारखाना झाला. आजचे औंधकर कोण, हा प्रश्न बँकांनी आणि तितकाच कुटुंबांनीही स्वतःला विचारायला हवा.

बँकेच्या अधिकाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. हप्ता लवचीक केला की वसुलीची शिस्त मोडते, ही त्यांची भीती निराधार नाही. महाराष्ट्राने २०१७ आणि २०१९ मध्ये शेतकरी कर्जमाफी पाहिली, त्याआधी २००८ मध्ये केंद्राचीही झाली. प्रत्येक माफीनंतर नियमित भरणाऱ्याच्या मनात आपण मूर्ख ठरलो की काय, असा प्रश्न उभा राहिला. गावच्या कारागिराला यांतील कोणतीही माफी मिळाली नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्याने ती मागूही नये. येथे माफीची गोष्टच नाही. मुद्दल पूर्ण, व्याज पूर्ण, मुदतही तीच. फक्त वर्षाचे बारा समान हप्ते न पाडता डिसेंबर ते मे या काळात मोठे आणि पावसाळ्यात केवळ व्याजापुरते, एवढाच बदल. उत्पन्नाच्या ओघाशी परतफेड जुळवून घेणे हे बँकिंगच्या तत्त्वांशी विसंगत नाही. पीककर्जात ते होतच आहे. शाखाधिकाऱ्याने कर्ज मंजूर करतानाच तसे वेळापत्रक लिहिले, तर नंतर हप्ता चुकण्याचा आणि नोटिशीचा प्रसंगच येत नाही. अडचण एवढीच, की दर तीन वर्षांनी बदलून येणाऱ्या अधिकाऱ्याला रोवणी केव्हा आणि चुकारे केव्हा, हे कोण सांगणार? ते सांगण्याचे काम अर्जदाराचे, त्याचा प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्याचे आणि गावातील जाणत्या मंडळींचे आहे. आज बहुतेक प्रकल्प अहवाल तयार साच्यातून निघतात. त्यांत अड्याळमधील दुकान आणि ठाण्यातील दुकान यांचे मासिक उत्पन्न बाराही महिने सारखेच दाखवलेले असते.

उधारीवर कायद्याचा उतारा आहे, असे सांगितले जाते. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी कमाल ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो आणि आयकर कायद्यात केलेल्या बदलाने १ एप्रिल २०२४ पासून त्याला थोडी धारही आली. कंपन्यांना माल पुरवणाऱ्यासाठी हे उपयोगाचे आहे. पण ज्याने गोठ्याला पत्रे टाकून घेतले तो दूरच्या नात्यातला काका असेल, तर त्याला नोटीस कोण पाठवणार? पाठवली, तर पुढच्या हंगामात त्या वस्तीतून काम कोण देणार? गावात धंदा करणाऱ्याचे ग्राहक त्याचे सोयरेधायरे असतात. हे त्याचे बळ आहे आणि हीच त्याची कोंडी आहे.

दोष केवळ बाहेरचे नाहीत. एका गल्लीत एक झेरॉक्सचे दुकान चालले की त्याच गल्लीत आणखी तीन निघतात. गल्ल्यातील पैसा आणि घरखर्चाचा पैसा यांत फरक केला जात नाही. मे महिन्यात हाती आलेल्या पैशाची मोटारसायकल होते आणि जुलैत हप्त्यासाठी तीच गहाण पडते. कुटुंबाचेही काही चुकते. वडील भविष्य निर्वाह निधीतून काढून सुरुवातीला पन्नास हजार देतात, दुकानाच्या उद्घाटनाला सत्यनारायण होतो, पाहुणे जेवून जातात. पण दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात मुलाला वीस हजारांची गरज पडते, तेव्हा घरात अबोला असतो. ‘आम्ही सांगितले होते’ हे वाक्य तेव्हा उच्चारलेही जात नाही, केवळ जाणवते. लग्नाच्या बाजारात तर खासगी कंपनीत दहा हजारांवर राबणारा मुलगा चालतो, स्वतःच्या दुकानातून तेवढेच मिळवणारा चालत नाही. मुलीच्या आई-वडिलांना दोष देण्याचे कारण नाही. महिन्याच्या एक तारखेला येणारा पैसा त्यांना दिसतो, हंगामाला येणारा दिसत नाही.

याउलट, बचत गट चालवणाऱ्या महिलांना हे अधिक कळते. गटाच्या अंतर्गत कर्जात कोणत्या घरी आता रोवणीचा खर्च आहे, कोणाचे धान विकून झाले, हे सर्वांना ठाऊक असते आणि सवलत-सक्ती त्या मानाने ठरते. तेथे वसुली सैल आहे असेही नाही. पापड-लोणच्यांची थट्टा करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा जवळून पाहावा.

वेळापत्रक बदलण्यास बँका आज ना उद्या तयार होतील. तोपर्यंत ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी उद्योगात उतरत आहे, त्या घराला एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. दुकान उघडण्यापूर्वी जून ते नोव्हेंबरच्या सहा हप्त्यांची रक्कम, वर घेतलेल्या उदाहरणात ४२ हजार, वेगळ्या खात्यात बाजूला ठेवावी आणि उद्घाटनाच्या मांडवासाठी किंवा दुकानाच्या रंगासाठी तिला हात लावू नये. प्रकल्प अहवालात खेळते भांडवल धरतात ते साधारण एका उत्पादनचक्रापुरते. अड्याळला ते चक्र एका वर्षाचे असते.